ध्रुवसंख्येचा पालट : विद्युत् मोटरच्या गतिनियमनाचा इतिहास आणि त्याची मराठी परिभाषा

१

पनवेल हे गाव बंदर आणि घाट यांच्या मधोमध वसलेले आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला, तेव्हापासून खाडीतून आलेला माल पनवेलला उतरून बैलगाड्यांनी खोपोलीमार्गे देशावर जाऊ लागला. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत पनवेलच्या उद्योगांमध्ये गाड्यांची चाके बनविण्याच्या धंद्याचा उल्लेख येतो, तो या वाहतुकीमुळेच. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली आणि या रस्त्याचे महत्त्व उतरणीस लागले. पुढे अर्धशतकाने याच रस्त्यावरील खोपोली या गावी एक निराळीच शक्ती घाट उतरून आली. लोणावळ्याच्या परिसरातील वळवण, शिरवटे व लोणावळा या तलावांत साठविलेले पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून त्यावर वीज निर्माण करण्याची टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची योजना १९१५ मध्ये खोपोली येथे कार्यान्वित झाली. ही वीज उच्च दाबाच्या तारांवरून मुंबईच्या कापड-गिरण्यांकडे गेली. त्यामागोमाग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे सुरू झाली.

या घटनेचा आर्थिक इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. तिच्या एका तांत्रिक परिणामाकडे मात्र इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. बैलगाडीचा वेग बैलाच्या आणि गाडीवानाच्या मर्जीवर असे. वाफेच्या इंजिनाचा वेग वाफेची झडप कमीअधिक उघडून बदलता येई. तारेवरून येणारी प्रत्यावर्ती वीज, म्हणजे व्यवहारातील ए. सी., ही मात्र आपल्याबरोबर एक ठरीव गती घेऊन आली. ती गती गिरणीत ठरत नव्हती. ती दूरच्या वीजकेंद्रात ठरत होती. अशा स्थितीत ज्याला आपल्या यंत्राची गती बदलावयाची असेल त्याने काय करावे, या प्रश्नाला जी उत्तरे मिळाली त्यांतील एक जुने आणि दीर्घायुषी उत्तर म्हणजे मोटरमधील ध्रुवांची संख्या बदलणे. या युक्तीचा इतिहास आणि तिच्यासाठी मराठीत वापरले गेलेले शब्द यांचा विचार एकत्रच करणे इष्ट आहे. कारण युक्ती ज्यांच्या हातात होती त्यांची भाषा आणि ती ज्या ग्रंथांत सांगितली गेली त्यांची भाषा यांत पडलेले अंतर हाही त्या इतिहासाचाच भाग होय.

२

प्रथम गती आणि ध्रुव यांचा संबंध स्पष्ट करावयास हवा. १८८० नंतरच्या दशकात इटलीतील गालिलेओ फेरारिस आणि अमेरिकेत स्थायिक झालेला निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की, एकमेकांच्या मागेपुढे चालणारे प्रत्यावर्ती प्रवाह निरनिराळ्या वेटोळ्यांतून सोडले असता एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. वेटोळी जागच्या जागी असतात. फिरते ते क्षेत्र. टेस्लाची एकस्वे १८८८ ची आहेत. त्यानंतर मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की याने जर्मनीत तीन फेजची पद्धत व्यवहारात आणली आणि मोटरचा फिरता भाग केवळ तांब्याच्या दांड्यांचा पिंजरा म्हणून घडविला. या पिंजऱ्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. फिरत्या क्षेत्रामुळे त्यात आपोआप प्रवाह उत्पन्न होतो आणि तो क्षेत्राच्या मागोमाग फिरू लागतो. ही प्रवर्तन मोटर, म्हणजेच इंडक्शन मोटर. तिच्यात घासणारे, झिजणारे भाग जवळजवळ नाहीत. म्हणूनच ती जगभर पसरली.

या फिरत्या क्षेत्राची गती दोनच गोष्टींवर अवलंबून असते. पहिली प्रवाहाची वारंवारता, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांची संख्या. आणि दुसरी वेटोळ्यांच्या मांडणीतून निर्माण होणाऱ्या चुंबकीय ध्रुवांची संख्या. वारंवारतेला १२० ने गुणून ध्रुवसंख्येने भागले की क्षेत्राचे मिनिटाचे फेरे मिळतात. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर दोन ध्रुवांचे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते, चार ध्रुवांचे १५००, सहांचे १००० आणि आठांचे ७५०. ध्रुव नेहमी जोडीने येतात, त्यामुळे या पायऱ्यांच्या मधली कोणतीही गती मिळत नाही. प्रत्यक्ष मोटर क्षेत्रापेक्षा किंचित मागे राहते. ही घसर लहान असते. चार ध्रुवांच्या मोटरच्या पाटीवर १४४० हा आकडा आढळतो, तो १५०० मधून चार टक्के घसर वजा जाऊन आलेला असतो.

यावरून हे स्पष्ट होईल की वारंवारता हा एक सामाजिक करार आहे. खोपोलीची वीज ५० आवर्तनांची होती. त्यापूर्वी १९०२ मध्ये कावेरीवरील शिवसमुद्रम् येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविलेली वीज २५ आवर्तनांची होती. तेथे चार ध्रुवांचे क्षेत्र मिनिटाला ७५० फेरेच घेई. एकदा वारंवारता ठरली की त्या जाळ्याला जोडलेला प्रत्येक ग्राहक तिने बांधला जातो. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी पुरवठादारावर वारंवारता ३ टक्क्यांहून अधिक ढळू न देण्याचे बंधन घातले होते. असे बंधन ग्राहकाच्या हिताचे असते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की वारंवारता बदलण्याची मोकळीक कोणाही एका ग्राहकाला राहत नाही. सूत्रातील दोन राशींपैकी एक सर्वांची आणि म्हणून कोणाचीच नाही. उरली ती दुसरी, ध्रुवसंख्या. ती मोटरच्या आत असते आणि मोटर ज्याची त्याची असते.

३

मुंबईच्या गिरण्यांनी वाफेच्या जागी वीज घेतली, तेव्हा आरंभी गतीच्या प्रश्नाची तीव्रता जाणवली नाही. एका मोठ्या मोटरने लांब दांडा फिरवावयाचा आणि त्या दांड्यावरील पुल्यांवरून पट्ट्यांनी अनेक साचे चालवावयाचे, ही वाफेच्या काळातील व्यवस्था बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली. एखाद्या साच्याची गती बदलावयाची झाल्यास पुलीचा व्यास बदलावा किंवा पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीवरून पट्टा सरकवावा, हा उपाय सर्वांना परिचित होता. मोटर एका गतीने फिरत राही आणि गतीचे वैविध्य चामड्याच्या पट्ट्यात राही.

पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देण्याची पद्धत आली, तेव्हा हा पट्टा गेला आणि त्याच्याबरोबर गती बदलण्याची सोयही गेली. रिंगवर सूत कातताना भरणीच्या आरंभी आणि अखेरीस धाग्यावरील ताण अधिक असतो, म्हणून त्या वेळी गती कमी ठेवणे श्रेयस्कर असते; मधल्या काळात ती वाढविता येते. एकाच गतीच्या मोटरवर साचा चालविला तर सूत तुटू नये म्हणून ती गती कायमच कमी ठेवावी लागे आणि उत्पादन घटे, किंवा ती वाढवून तुटलेले धागे सांधण्याचे काम कामगाराच्या अंगावर पडे. गतीचा प्रश्न हा अशा रीतीने केवळ यंत्राचा प्रश्न नव्हता. उत्पादन आणि श्रम यांची वाटणी त्यात गुंतलेली होती. दोन गतींच्या मोटरला कातणखात्यात जे स्थान मिळाले त्याचे कारण हे होय.

४

ध्रुवसंख्या बदलण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे एकाच मोटरमध्ये दोन स्वतंत्र वेटोळीसमूह बसविणे, एक चार ध्रुवांचा आणि दुसरा, समजा, सहा ध्रुवांचा. एका वेळी एकालाच वीज द्यावयाची. हा मार्ग सोपा असला तरी खर्चिक आहे; कारण खाचांमधील जागा दोघांत वाटली जाते आणि कोणत्याही वेळी निम्म्याच्या आसपास तांबे निरुद्योगी राहते.

याहून चतुर मार्ग १८९७ मध्ये स्वीडनमधील रॉबर्ट डालँडर या अभियंत्याने शोधला आणि आजही ती रचना त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिचे मर्म थोडक्यात असे. प्रत्येक फेजच्या वेटोळ्यांचे दोन सारखे भाग करावेत आणि त्यांच्या मध्यावरून एक जोड बाहेर काढावा. दोन्ही भागांतून प्रवाह अशा दिशेने नेला की एका भागाने उत्तर आणि दुसऱ्याने दक्षिण ध्रुव निर्माण करावा, तर ध्रुवसंख्या तेवढीच राहते. परंतु एका भागातील प्रवाहाची दिशा उलटविली, तर दोन्ही भाग उत्तर ध्रुवच निर्माण करू लागतात. चुंबकरेषा लोखंडातून बाहेर पडल्या की कोठून तरी परत आत गेल्याच पाहिजेत. म्हणून दोन उत्तर ध्रुवांच्या मधल्या रिकाम्या जागेत दक्षिण ध्रुव आपोआप उमटतो. अशा रीतीने ध्रुवसंख्या दुप्पट होते आणि गती निम्मी होते. तांबे तेच, खाचा त्याच. बदलते ती केवळ जोडणी. बाहेर सहा टोके काढली की तीन फेजच्या मोटरला दोन गती मिळतात.

या युक्तीला दोन गोष्टी अनुकूल ठराव्या लागतात. फिरता भाग पिंजऱ्याचा असावा लागतो. पिंजऱ्याला स्वतःची अशी ध्रुवसंख्या नसते, समोर जितके ध्रुव येतील तितके तो स्वीकारतो. फिरत्या भागावरही वेटोळी असतील तर तेथेही तीच उलथापालथ करावी लागते. दुसरे असे की ध्रुवसंख्या पालटताना क्षेत्राच्या फिरण्याची दिशाही उलटते, म्हणून जोडणी करताना दोन तारांची अदलाबदल करण्याचे भान ठेवावे लागते. जोडणीच्या निरनिराळ्या प्रकारांनी दोन्ही गतींवर सारखा पीळ देणारी, सारखी शक्ती देणारी, किंवा पंख्यांसाठी योग्य अशी मोटर बांधता येते. पंख्याच्या बाबतीत हा लाभ विशेष मोठा आहे. कारण पंख्याची गती निम्मी केली असता त्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते.

डालँडरची रचना दोनास एक या प्रमाणापलीकडे जात नव्हती. चारास सहा किंवा आठास दहा अशी जवळजवळची प्रमाणे एकाच वेटोळीसमूहातून काढण्याचा प्रश्न साठ वर्षे तसाच राहिला. १९५८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील जी. एच. रॉक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे व्यापक उत्तर दिले. ध्रुवांच्या सामर्थ्यावर दुसरी एक चढउतार लादली असता जुनी ध्रुवसंख्या लोपून नवी प्रकट होते, हे त्यांनी गणिताने व प्रयोगाने सिद्ध केले. विद्युत् शाखेतील एक जुनी कारागिरी या टप्प्यावर गणिती सिद्धान्ताच्या पदवीला पोहोचली असे म्हणता येईल.

५

ध्रुवपालटाचा सर्वांत भव्य प्रयोग घाटांतच झाला, परंतु तो बोरघाटात झाला नाही. उत्तर इटलीतील वाल्तेल्लिना मार्गावर १९०२ मध्ये काल्मान कांडो या हंगेरियन अभियंत्याच्या योजनेनुसार तीन फेजची विद्युत् रेल्वे सुरू झाली. १९०६ मध्ये आल्प्समधील सुमारे २० किलोमीटर लांबीच्या सिम्प्लॉन बोगद्यात ब्राउन बोव्हेरी या कंपनीने तीच पद्धत स्वीकारली आणि तेथील इंजिनांत ध्रुवसंख्या बदलून गती बदलण्याची सोय ठेवली. अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने १९१५ मध्ये, म्हणजे खोपोली सुरू झाली त्याच वर्षी, कोळशाच्या अवजड गाड्यांसाठी जी विद्युत् इंजिने आणली ती ताशी १४ आणि २८ मैल अशा दोन गतींनी चालत. तेथेही ध्रुवसंख्येचाच पालट होता. चढावर न दमता एका गतीने चढणे आणि उतारावर गाडी आवरून धरताना वीज परत तारेत लोटणे, हे प्रवर्तन मोटरचे गुण घाटाला साजेसे होते.

तथापि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण केले, तेव्हा १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाचा, म्हणजे डी. सी.चा, अवलंब केला. त्यामागील तांत्रिक भूमिका समजण्यासारखी आहे. तीन फेजच्या रेल्वेला रुळांशिवाय डोक्यावर दोन तारा लागतात आणि रूळ जेथे एकमेकांना छेदतात तेथे त्या सांभाळणे जिकिरीचे होते. शिवाय प्रवासी वाहतुकीला दोन-चार ठरीव गती पुरत नाहीत. भाराप्रमाणे आपली गती सहज कमीअधिक करणारी एकदिश प्रवाहाची मोटर तिला अधिक मानवते. इटलीतही ही पद्धत १९७६ मध्ये संपुष्टात आली. ध्रुवपालटाची मर्यादा येथे उघड होते. ही युक्ती गतीच्या पायऱ्या देते, उतार देत नाही. जेथे काम स्वभावतःच दोन-तीन अवस्थांत विभागलेले असते तेथे ती शोभते. जेथे गती सलगपणे बदलत राहावी लागते तेथे ती अपुरी पडते.

६

महाराष्ट्रात ही युक्ती रुजली ती अशा पायऱ्यांच्या कामांतच. त्यांतील सर्वांत बोलके उदाहरण साखर कारखान्याचे आहे. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतरच्या दशकांत राज्यात सहकारी कारखान्यांची मालिका उभी राहिली. साखर निर्मितीच्या अखेरच्या टप्प्यात स्फटिक आणि मळी यांचे दाट मिश्रण जाळीदार भांड्यात घालून ते भांडे वेगाने फिरवितात. मळी बाहेर फेकली जाते आणि साखर आत उरते. मिश्रण भरताना गती मंद, फिरविताना तीव्र आणि साखर खरवडून काढताना पुन्हा अगदी मंद, असे हे चक्र दर काही मिनिटांनी पुनःपुन्हा घडते. सेंट्रिफ्यूगल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रांना ध्रुवपालटाच्या मोटरी दीर्घकाळ जोडल्या जात.

येथे केवळ गतीची सोय नव्हती, शक्तीची बचतही होती. अवजड भांडे थांबलेल्या स्थितीतून एकदम पूर्ण गतीला नेले तर त्यात जितकी गतिज ऊर्जा साठते तितकीच ऊर्जा मोटरच्या पिंजऱ्यात उष्णता होऊन वाया जाते. तेच काम दोन पायऱ्यांत, प्रथम निम्म्या गतीपर्यंत आणि मग पूर्ण गतीपर्यंत केले, तर प्रत्येक पायरीवर त्या ऊर्जेचा चौथा हिस्सा वाया जातो; म्हणजे एकूण नुकसान निम्म्यावर येते. थांबविताना तर याहून अधिक लाभ आहे. पूर्ण गतीने फिरणारी मोटर निम्म्या गतीच्या जोडणीवर आणली की ती क्षेत्राच्या पुढे धावू लागते आणि स्वतःच जनित्र बनते. या टप्प्यात साठलेल्या ऊर्जेचे तीन चतुर्थांश बाहेर पडतात. त्यांतील एक चतुर्थांश पिंजऱ्यात जिरतो आणि उरलेला अर्धा हिस्सा, वेटोळ्यांतील किरकोळ नुकसान वगळता, तारेत परत जातो. ब्रेकची झीज वाचते ती निराळीच.

दुसरे उदाहरण शहरवासीयांच्या रोजच्या परिचयाचे, उद्वाहकाचे, म्हणजे लिफ्टचे. लिफ्टने मजल्यांमधले अंतर भरभर तोडावे आणि मजला जवळ आला की संथ होऊन फरशीच्या बरोबरीने थांबावे, अशी अपेक्षा असते. चार आणि सोळा ध्रुवांचे दोन वेटोळीसमूह असलेली मोटर हे काम १५०० आणि ३७५ फेऱ्यांच्या दोन पायऱ्यांत करते. अनेक जुन्या इमारतींत मजला येण्यापूर्वी जो हलकासा हिसका जाणवे तो ध्रुवसंख्या पालटल्याचा असे. प्रवाशाला त्याचे नाव ठाऊक नसे, पण त्याचे शरीर तो पालट ओळखत असे.

या मोटरी पुढे देशातच बनू लागल्या. १९४६ मध्ये किर्लोस्कर घराण्याने बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भारत बिजली या कंपनीचा कारखाना पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावर उभा राहिला. पनवेलच्या आसमंतात रसायनी, पाताळगंगा आणि तळोजा हे औद्योगिक पट्टे वाढले. कारखान्यांबरोबर मोटरी आल्या आणि मोटरींबरोबर त्या जळाल्यावर पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर आले. ध्रुवसंख्येचे ज्ञान प्रयोगशाळेतून निघून या कारागिरांच्या बाकावर पोहोचले. जळालेली मोटर उघडून खाचा मोजणे, एका वेटोळ्याची टोके किती खाचांच्या अंतरावर बसतात ते पाहणे आणि त्यावरून ध्रुवसंख्या ताडणे हे त्यांचे नित्याचे काम झाले.

७

आता शब्दांकडे वळू. इंग्रजीतील ‘पोल’ या संज्ञेसाठी मराठीत ‘ध्रुव’ हा शब्द रूढ आहे. तो प्रथम आकाशातील न हलणाऱ्या ताऱ्याचा, त्यावरून पृथ्वीच्या अक्षाच्या टोकांचा आणि तेथून लोहचुंबकाच्या टोकांचा वाचक झाला. ‘ध्रुव’ या शब्दाच्या मुळाशी स्थिरतेची कल्पना आहे. गाण्यातील परत परत येणारे ते ध्रुवपद आणि नक्की ठरलेले ते ध्रुव. ग्रीक भाषेतून इंग्रजीत गेलेला ‘पोल’ मात्र नेमका उलट्या दिशेने आला आहे. ग्रीक ‘पोलोस’ म्हणजे ज्याभोवती फिरावयाचे तो खुंटा किंवा आस. आणि त्याचे मूळ फिरणे या अर्थाच्या त्याच प्राचीन धातूत आहे ज्यातून संस्कृत ‘चक्र’, इंग्रजी ‘व्हील’ आणि म्हणून मराठी ‘चाक’ हे शब्द आले. आकाशातील एकच बिंदू पाहून एका परंपरेने त्याच्या भोवतालचे फिरणे टिपले, तर दुसरीने त्याचे न हलणे. फिरत्या क्षेत्राच्या यंत्रात हे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात, कारण वेटोळी स्थिर आहेत आणि ध्रुव फिरत आहेत. ‘ध्रुव बदलणे’ हा प्रयोग संस्कृतज्ञाच्या कानाला वदतोव्याघात वाटला तरी शास्त्राच्या भाषेत तो निर्वेध चालतो. पारिभाषिक शब्द व्युत्पत्तीने नव्हे तर व्याख्येने चालतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कार्यशाळेने मात्र ‘ध्रुव’ घेतला नाही, ‘पोल’च घेतला. त्यातून एक वेगळीच अडचण निर्माण झाली. मराठीत ‘पोल’ या एका रूपात तीन निरनिराळ्या संज्ञा येऊन मिसळल्या आहेत. पहिला पोल विजेच्या तारा वाहणारा खांब. हा इंग्रजीत लॅटिनमधून आलेला मुळातच दुसरा शब्द आहे. दुसरा पोल चुंबकाचा. तिसरा पोल स्विचचा. ‘डबल पोल स्विच’ म्हणजे दोन तारा एकदम तोडणारा स्विच. ‘पोल बदलला’ हे वाक्य गावात उच्चारले तर पावसाळ्यात वाकलेला खांब बदलला असेच ऐकणारा समजेल. ‘ध्रुव’ या शब्दाने ही संदिग्धता टळली असती. परंतु कारागिराने ती दुसऱ्या मार्गाने टाळली. तो मोटरला ध्रुवसंख्येने न ओळखता गतीने ओळखू लागला : ‘चौदाशे चाळीसची मोटर’, ‘टू-स्पीड मोटर’. येथे कारणाच्या जागी कार्याचे नाव आले आहे. वापरणाऱ्याला गती हवी असते, म्हणून पाटीवर गती असते आणि पाटीवर गती असते म्हणून तोंडीही तीच येते.

पारिभाषिक मराठीची वाटचाल याच काळात दुसऱ्या मार्गाने चालू होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर भाषा संचालनालय निर्माण झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. मोटरला ‘चलित्र’, डायनामोला ‘जनित्र’, थ्री फेजला ‘त्रिकला’ असे शब्द या प्रयत्नांतून पुढे आले. ते सदोष आहेत असे नाही. ‘जनित्र’ आणि ‘चलित्र’ ही जोडी तर इतकी सुबक आहे की दोन यंत्रांचे परस्परसंबंध तिच्या रूपातच दिसतात. आणि चलित्राचे जनित्र कसे होते हे साखर कारखान्याच्या उदाहरणात दिसलेच आहे. परंतु हे शब्द ग्रंथाकडून ग्रंथाकडे गेले. ज्या बाकावर वेटोळी प्रत्यक्ष गुंडाळली जात होती तेथे ते पोहोचले नाहीत. आणि त्या बाकावरचे शब्द, खाचांच्या मोजणीच्या रीती, जोडणीच्या आकृत्या या ग्रंथांत आल्या नाहीत. परिभाषेचे कोश शब्दांचे झाले, व्यवसायाचे झाले नाहीत.

८

या विभागणीची किंमत आता चुकती होत आहे. १९५७ नंतर थायरिस्टर आणि पुढे त्याहून चपळ अर्धवाहक घटक उपलब्ध झाले, तसा वारंवारता बदलण्याचा बंद दरवाजा उघडला. जाळ्यातून ५० आवर्तनांची वीज घ्यावयाची, तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करावयाचे आणि त्यातून हव्या त्या वारंवारतेची वीज पुन्हा घडवून मोटरला द्यावयाची, असे हे नवे साधन, ड्राइव्ह, आहे. जी राशी सर्वांची म्हणून कोणाचीच नव्हती ती एका खोक्यात प्रत्येकाला मिळाली. गतीच्या पायऱ्या जाऊन सलग उतार आला. लिफ्टचा हिसका नाहीसा झाला आणि साखर कारखान्यांतही नवी यंत्रे ड्राइव्हवर चालू लागली. ध्रुवपालटाच्या मोटरी जेथे दोन गती पुरेशा आहेत आणि साधेपणाचे मोल आहे, अशा पंख्यांसारख्या कामांत टिकून आहेत.

या स्थित्यंतराचे दर्शन पनवेल स्थानकातही घडते. पनवेलपर्यंत उपनगरी रेल्वे १९९८ मध्ये पोहोचली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, म्हणजे १९२९ च्या निर्णयाच्या छायेत. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर आला. नव्या बनावटीच्या उपनगरी गाड्यांत प्रवर्तन मोटरी असतात. डोक्यावरच्या एकाच तारेतून आलेली वीज गाडीतच तीन फेजमध्ये रूपांतरित होते आणि तिची वारंवारता शून्याजवळून चढत जाते. कांडोची मोटर अशा रीतीने परत आली आहे; तिची ध्रुवसंख्या मात्र आता कोणी पालटत नाही. ध्रुव पुन्हा ध्रुव झाले आहेत.

तंत्राच्या दृष्टीने ही प्रगती निर्विवाद आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक फरक नोंदवावयास हवा. ध्रुवपालटाची मोटर उघडून पाहता येत असे. सहा टोकांची जोडणी कागदावर काढता येई आणि बिघडल्यास गावातला कारागीर ती पुन्हा घडवू शके. ड्राइव्हमधील निर्णय आज्ञावलीत लिहिलेले असतात. तो बिघडला तर बहुधा बदलला जातो, उलगडला जात नाही. गतीवरचे स्वामित्व वीजकेंद्राकडून ग्राहकाकडे आले, परंतु गतीचे ज्ञान कारागिराच्या हातून निसटत आहे. ज्या पिढीने खाचा मोजून ध्रुव ओळखले ती अद्याप काम करीत आहे. तिचे शब्द, तिच्या आकृत्या आणि तिची अनुमानपद्धती यांची पद्धतशीर नोंद झाल्यास मराठीच्या पारिभाषिक इतिहासातील मोठी उणीव भरून निघेल. त्या संग्रहात ‘चलित्र’ आणि ‘चौदाशे चाळीसची मोटर’ ही दोन्ही नावे शेजारीशेजारी असावीत. कारण पहिले यंत्राचे स्वरूप सांगते आणि दुसरे ते यंत्र माणसाला कशासाठी हवे होते ते सांगते.